साडूचा टब आणि सगळ्यांचा समुद्र

पाटीवर एवढंच लिहिलं होतं : ‘पाणी दूषित आहे. आंघोळीस उतरू नये.’ पण मास्तरांनी ती वाचली आणि पालिकेने ती खास आपल्याला उद्देशून ठोकली आहे, अशी त्यांची खात्री पटली. समुद्र एवढा लांबरुंद. पाटी मात्र नेमकी तिथे, जिथून मास्तर आणि मास्तरीणबाई रोज सकाळी पाण्यात उतरत.

ते दोघं पोहत नसत. नुसते चालत. बाईंचे गुडघे दुखायचे, आणि कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात लाटांच्या विरुद्ध चाला असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मोठी लाट आली की बाई “अहो!” म्हणून मास्तरांचा दंड घट्ट धरत. आता, लग्न चांगलं मुरल्यावर बायकोने आपला दंड धरावा अशा जागा जगात फार उरत नाहीत. रस्ता ओलांडताना ती पिशवी धरते, जिन्यावर कठडा धरते, आणि घरात धरायचंच झालं तर चूक धरते. मास्तरांच्या वाट्याला तेवढा समुद्रातला दंड उरला होता. तोही पालिकेने बंद केला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मास्तरांनी सोसलं असतं. विज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस, नापास होणाऱ्या जगाची त्यांना सवय होती. पण पाटी लागली त्याच दिवशी मेहुणी आली आणि म्हणाली, “ताई, तू आमच्याकडे येत जा. टबात खारं पाणी करून देते. गुडघे छान शेकून निघतील.”

हा टब कप्तानांचा. कप्तान म्हणजे मास्तरांचे साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांना कप्तान म्हणत, कारण ते बंदरखात्यात होते. बंदरखात्यात ते कोठारात बसून दोरखंडांची भेंडोळी सांभाळत. जहाजावर एकदा पाऊल ठेवलं होतं असं ते सांगत, पण ते जहाज धक्क्याला बांधलेलं होतं, आणि पाऊलही एकच. तरी लोक त्यांना कप्तान म्हणत, त्यांच्यासाठी खुर्ची पुढे करत. मास्तर म्हटल्यावर लोक फक्त आपल्या पोराच्या मार्कांबद्दल विचारतात. या एका गोष्टीवरून मास्तरांच्या पोटात पूर्वीपासूनच बारीकसं दुखत असे.

त्यात हा टब. त्याचाही इतिहास आहे. आपलं न्हाणीघर नवं करावं असं पहिल्यांदा मास्तरांच्या डोक्यात आलं होतं. चहा पिता पिता ते बोलून गेले, मेहुणीने ऐकलं, आणि मास्तर फरशीचा रंग ठरवत होते तोवर कप्तानांच्या दारात वाळूचा ढीग पडला. फरशीचा रंग ठरला तेव्हा कप्तानांकडे टब बसला होता. पांढराशुभ्र, ऐसपैस, आत दोन माणसं पाय पसरून भांडू शकतील असा. मास्तरांचा तिळपापड झाला. त्यांनी कप्तानांच्याच प्लंबरला गाठलं.

“कप्तानांकडे जसं केलंस, अगदी तसंच्या तसं हवं,” मास्तर म्हणाले. “काडीचाही फरक नको.”

“तसंच्या तसं?” प्लंबरने विचारलं.

“तसंच्या तसं. फक्त जरा वरचढ.”

पण टब मास्तरांच्या न्हाणीघरात मावेना. तो बसवला असता तर मास्तरांना जिन्यात उभं राहून आंघोळ करावी लागली असती. म्हणून मग चारी भिंतींतून फवारे मारणारा शॉवर आला. त्याची एक खोड होती. नुसते हात धुवायला गेलेला पाहुणासुद्धा केस पुसत बाहेर यायचा. मास्तर त्याला आधुनिकता म्हणत.

तर मास्तरीणबाई रोज सकाळी कप्तानांच्या टबात गुडघे शेकून येऊ लागल्या आणि येताना कौतुकाचं गाठोडं घेऊन येऊ लागल्या.

“काय तो टब! आणि कप्तानांनी स्वतः पाण्यात मीठ घातलं हो. शिवाय विचारलं, ताई, पाणी कढत तर नाही ना?”

“मीठ घातलं, यात पराक्रम कसला?”

“तुम्ही आमटीत तरी घातलंय का कधी?”

खरं सांगायचं तर मास्तर जळत होते. माणूस माणसावर जळतो हे मान्य आहे, त्याला प्रतिष्ठाही आहे. पण आपण एका टबावर जळतो आहोत, हे त्यांच्या शिक्षणाला शोभणारं नव्हतं. तरी इलाज नव्हता. समुद्र स्वच्छ झाल्याशिवाय बाई टबातून बाहेर यायच्या नव्हत्या, म्हणून मास्तरांनी समुद्र स्वच्छ करायचं ठरवलं.

ही बातमी फुटताच शेजाऱ्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरचे होमिओपॅथ म्हणाले, सगळा दोष लांबून जाणाऱ्या जहाजांचा. वरच्या वकीलकाकू म्हणाल्या, कुत्र्यांचा. त्यांनी कुत्र्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि साक्ष द्यायची त्यांची तयारी होती. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, समुद्रपक्षी. मास्तरांनी शास्त्रीय पद्धतीने कुत्र्यांपासून सुरुवात केली. किनाऱ्यावरच्या एका तपकिरी कुत्र्याच्या मागे ते सकाळभर हिंडले. कुत्रा सज्जन निघाला. त्याने समुद्राला पाय लावला नाही, उलट मास्तरांची चप्पल मात्र कायमची ठेवून घेतली. पक्ष्यांची चौकशी करायला मास्तर मान वर करून उभे राहिले, त्याचा निकाल लगेचच त्यांच्या चष्म्यावर पडला, पण एवढ्याशाने समुद्र बिघडेल असं त्यांना वाटेना.

मग ते पालिकेत गेले. एका चपलेने जाणं बरं दिसत नव्हतं, म्हणून बाईंच्या सपाता घालून गेले.

आरोग्य खात्यातला कारकून म्हणाला, “पाणी समुद्राचं ना? समुद्र बंदरखात्याकडे.”

बंदरखात्यातला म्हणाला, “खोल समुद्र आमचा. तुम्ही कमरेइतक्या पाण्याचं म्हणताय. ते आरोग्याचं.”

“आरोग्यवाल्यांनीच तर इकडे पाठवलं!”

“भरतीच्या वेळी गेला असाल. भरतीला ते पाणी आमच्या हद्दीतून येतं, ओहोटीला त्यांच्या हद्दीतून जातं. तुम्ही असं करा, ओहोटीला तिकडे जा.” मग त्याने मास्तरांच्या सपातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि एकदम विचारलं, “तुम्ही आमच्या कप्तानसाहेबांचे साडू का हो? बसा, बसा! आधी नाही का सांगायचं?”

खुर्ची आली. मास्तरांना त्या खुर्चीवर खिळ्यांवर बसल्यासारखं वाटलं. पण निदान त्यांना योग्य दारापर्यंत पोचवण्यात आलं. दारामागे पाणी तपासणाऱ्या बाई बसल्या होत्या. वयाने मास्तरांच्या विद्यार्थिनी शोभतील अशा, समोर पाण्याच्या बाटल्यांची रांग.

“काका, जहाजं नाहीत आणि कुत्रीही नाहीत,” त्या म्हणाल्या. “हे घाण पाणी लोकांच्या न्हाणीघरांतून येतंय. तुमच्या गल्लीखालून पावसाच्या पाण्याचा नाला जातो. त्यात फक्त पावसाचं पाणी जायला हवं. पण कुणीतरी घरातला पाइप मोठ्या गटाराला जोडायच्या ऐवजी या नाल्याला जोडलाय. नाल्याच्या तोंडाला लोखंडी झाकण आहे. भरतीला ते बंद होतं, आत सगळं साठतं. ओहोटी लागली की उघडतं आणि साठलेलं सगळं समुद्रात.”

“घर कोणतं ते कसं कळायचं?”

“सोपं आहे. संशय असेल त्या घराच्या संडासात रंग ओतायचा आणि नाल्याच्या तोंडाशी उभं राहायचं.”

“मग तुम्ही ओतत का नाही?”

“रंग मंजूर झालाय, काका. ओतणारा मंजूर व्हायचाय.” त्यांनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. “तुमचा कुणावर संशय आहे का?”

मास्तरांच्या डोळ्यांपुढे एक पांढराशुभ्र टब तरळला. टब नवा. समुद्र बिघडला तोही त्यानंतर. अहाहा! त्यांना वाटलं, विज्ञान विषय निवडला त्याचं आज चीज झालं.

“साडूवर,” ते म्हणाले. बाईंनी का कोण जाणे, मान वर करून त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

रंग निरुपद्रवी हवा म्हणून मास्तर बेकरीत गेले. केकवर घालायचा गुलाबी रंग मागितला.

“गुलाबी संपला,” बेकरीवाला म्हणाला. “आत्ताच एक गृहस्थ होता नव्हता तेवढा घेऊन गेले. हिरवा आहे.”

मास्तरांनी हिरवा घेतला. मग गल्लीभर फिरून सगळ्यांना सांगितलं की रविवारी संध्याकाळी ओहोटीच्या वेळी नाल्याच्या तोंडाशी या, एक शास्त्रीय गंमत बघायला मिळेल. सगळ्यांनी “हो, हो, येणारच आहोत” असं म्हटलं. आपल्या शब्दाला एवढं वजन आलेलं पाहून मास्तर सुखावले.

रविवारी दुपारी चहा कप्तानांकडे होता. मास्तरीणबाई गुडघ्यांसाठी आधीच तिकडे गेल्या होत्या. मास्तर निघणार तोच दारात खुद्द कप्तान, पांढऱ्या शर्टात, पांढऱ्या पँटमध्ये.

“म्हटलं बरोबरच जाऊ,” कप्तान म्हणाले. “आणि मास्तर, तुमचा तो शॉवर जरा बघू का? फार ऐकलंय.”

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कप्तान न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ आतच राहिले. आतून पाणी सोडल्याचे आवाज पुन्हा पुन्हा येत होते. बघू दे, बघू दे, मास्तर मनात म्हणाले, पोटभर बघू दे. कप्तान बाहेर आले तेव्हा चिंब भिजले होते आणि त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता.

“वा!” ते एवढंच म्हणाले.

हात खिशात तसाच ठेवून ते सबंध रस्ता चालले. मास्तरांना ती नवी ऐट वाटली आणि तीसुद्धा त्यांना डाचली.

कप्तानांच्या न्हाणीघरात मास्तरीणबाई टबाच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडून होत्या. चेहऱ्यावर असं समाधान, की मास्तरांना ते बघवेना.

“अगं, जरा बाहेर येतेस का? मला जायचंय.”

“घरून जाऊन नाही का यायचं?”

“घरी तुझे कप्तान आत बसले होते!”

बाई कुरकुरत उठल्या. मास्तरांनी कडी लावली, रंगाची पुडी काढली आणि तिथेच घात झाला. टबाच्या वाफेने पुडी ओलसर झाली होती. ती फाटली आणि मास्तरांचा उजवा हात मनगटापर्यंत हिरवागार झाला. उरलेला रंग त्यांनी संडासात ओतला, वरून भरपूर पाणी सोडलं, आणि हात साबणाने घासला. हाताला काही झालं नाही, साबण तेवढा हिरवा झाला. साबण त्यांनी डाव्या खिशात टाकला, हात उजव्या खिशात घातला आणि जमेल तेवढ्या सहजपणे ते बाहेर आले.

मेहुणीने बिस्किटांची ताटली पुढे केली. मास्तरांनी डाव्या हाताने बिस्कीट उचललं. कप्तानांनीही डाव्या हाताने उचललं.

“भाऊजी, तुम्ही दोघं काय एका हाताचे झालात की काय?”

“दर्यावरची सवय,” कप्तान म्हणाले.

“शाळेतली,” मास्तर म्हणाले.

संध्याकाळी किनाऱ्यावर ही गर्दी! दोघी बहिणी, होमिओपॅथ, वकीलकाकू, शिंपी, बेकरीवाला, पाणी तपासणाऱ्या बाई, अगदी प्लंबरसुद्धा आला होता. तो तपकिरी कुत्राही होता, चप्पल घेऊन. मास्तरांची छाती भरून आली. एकच गोष्ट खटकत होती. कप्तान सगळ्यांना “आलात? छान, छान” असं म्हणत होते. माझ्या समारंभात हा यजमान कसा, असं मास्तरांना वाटलं, पण दोन मिनिटांत याचं तोंड बघण्यासारखं होणार होतं, म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं.

ओहोटी लागली. लोखंडी झाकण करकरत उघडलं आणि पाणी आलं.

गुलाबी.

“नाही!” मास्तर ओरडले. “हिरवं! हिरवं यायला हवं!”

“गुलाबीच!” कप्तान त्यांच्याहून मोठ्याने ओरडले. “मंडळी, नीट बघा! हे पाणी मास्तरांच्या घरचं आहे!” आणि बोट दाखवण्यासाठी त्यांनी खिशातला हात बाहेर काढला. तो मनगटापर्यंत गुलाबी होता.

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समुद्र आपणच नासवला याचं दुःख त्यांना नंतर झालं. पहिलं दुःख झालं ते वेगळंच. म्हणजे यांना आपला शॉवर बघायचाच नव्हता!

तोवर गर्दीत पुन्हा कालवा झाला. गुलाबी पाण्यामागून हिरवं पाणी येत होतं, ऐटीत, जराही घाई न करता.

“आणि हे तुमच्या टबाशेजारचं!” मास्तरांनी आपला हिरवा हात उंचावला. मग दोघेही हात वर करून एकमेकांकडे बघत उभे राहिले. पुढे समुद्रात हिरवा आणि गुलाबी एकमेकांत मिसळले आणि जो रंग झाला, तो त्या नाल्याच्या पाण्याचा नेहमीचाच होता.

“मला वाटलंच,” पाणी तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. “हे कप्तानकाका तुमच्या आदल्याच दिवशी आले होते. त्यांनाही विचारलं होतं, संशय कुणावर? तेही म्हणाले, साडूवर. बरं, नळाचं काम कुणी केलं?”

दोघांनी प्लंबरकडे पाहिलं. एका बाजूने हिरवं बोट, दुसऱ्या बाजूने गुलाबी. पण प्लंबर डगमगला नाही.

“मोठं गटार मागच्या अंगाला. तिकडे जोडायचं तर सगळं अंगण उकरायला लागतं,” तो म्हणाला. “कप्तानसाहेब म्हणाले, मास्तरांच्या आधी झालं पाहिजे, कसंही कर. नाला पुढेच होता. सोडलं त्यात.”

“पण माझ्याकडे?” मास्तर कळवळून म्हणाले. “मला कसली घाई होती?”

“तुम्हीच म्हणालात ना, तसंच्या तसं? काडीचाही फरक नको?”

गर्दी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. सगळे दोघी बहिणींकडे बघत होते.

“म्हणजे मी रोज सकाळी त्या पाण्यात...” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“आणि तुझ्या गुडघ्यांचं मिठाचं पाणीही त्यातच, ताई,” मेहुणी म्हणाली.

बाई वळल्या आणि वाळूतून निघाल्या. गुडघा दुखत होता म्हणून त्यांनी दंड धरला होता. बहिणीचा. मास्तर बघत राहिले. एवढे दिवस त्यांना टबाचा हेवा वाटत होता, आता सख्ख्या मेहुणीचा वाटला, आणि त्यांना मनापासून रडू आलं.

दोन्ही न्हाणीघरं पालिकेने बंद करून टाकली. साडूंना शेजाऱ्यांकडे टॉवेल खांद्यावर टाकून जायची वेळ आली. बायकांच्या आंघोळीची सोय वकीलकाकूंनी केली. साडूंना होमिओपॅथांनी आसरा दिला, पण त्यांचा आंघोळीबद्दलचा विचारही औषधासारखाच होता : पाणी अगदी थोडं, पण वारंवार. प्लंबर दोन्ही अंगणं उकरू लागला. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. मास्तर रोज कप्तानांचा चर किती खोल गेला ते बघून येत. घरी बाई बोलत, पण कामापुरतं. “अहो” म्हणायच्या थांबल्या होत्या.

एका दुपारी मास्तर चर बघायला गेले तर कप्तान स्वतःच चराच्या काठावर पाय सोडून बसले होते. पांढऱ्या पँटला माती लागली होती.

“या,” कप्तान म्हणाले. “तुमचा पुढे आहे. समाधान झालं?”

मास्तर शेजारी बसले. समाधान झालं होतं, पण त्याला तेवढीशी चव नव्हती.

“कप्तान, मला एक सांगा. तुमच्याकडे टब, तुम्हाला लोक खुर्ची देतात. मग तुम्ही माझ्या घरात रंग ओतायला का आलात?”

कप्तानांनी एक ढेकूळ चरात टाकलं. “आमची ही रोज सकाळी खिडकीतून तुम्हा दोघांना बघायची. म्हणायची, बघा, भाऊजी ताईला कसे धरून नेतात. आता मला पाण्याची भीती वाटते, मास्तर. घोट्याच्या वर पाणी आलं की मी संपलो. म्हणून टब आणला. म्हटलं, घरातच समुद्र करू. तर म्हणाली, टबात बसून काय करू? धरायला कोण आहे?” त्यांनी आणखी एक ढेकूळ टाकलं. “रोज सकाळी तुमच्या नावाने माझं डोकं उठायचं. पाटी लागली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.”

मास्तर थक्क झाले. आपला कुणी हेवा करावा, तोही खुद्द कप्तानांनी! इतकी वर्षं हे सुख याच गल्लीत होतं आणि कुणी त्यांना कळू दिलं नव्हतं. त्यांना कप्तानांबद्दल एकदम माया वाटली. त्यांनी खिशातून हिरवा साबण काढला आणि परत केला.

पाइप बदलले, अंगणं बुजली. पाण्याचे नमुने चांगले आले आणि पाणी तपासणाऱ्या बाईंनी पाटी उपटली. उपटायला दोन्ही साडू धावले होते, पण त्यांनी दोघांनाही लांब उभं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर किनाऱ्यावर गेले ते एकटेच. बायको येणार नाही, असं त्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. पण वाळूत पायांचा आवाज आला. मास्तरीणबाई होत्या. मागून मेहुणी, आणि तिला दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखे धरून, डोळे घट्ट मिटून कप्तान. बाई मास्तरांच्या बाजूने पाण्यात उतरल्या. पाणी कमरेपर्यंत आलं. पहिली लाट आली, बाईंनी तोल सावरला, दंड काही धरला नाही. दुसरीही तशीच गेली. कप्तान मात्र प्रत्येक लाटेला बायकोच्या गळ्यात पडत होते आणि ती खळखळून हसत होती.

“बघा, कसे धरून चाललेत!” मास्तरीणबाई कौतुकाने म्हणाल्या.

झालं. भीतीतसुद्धा हा माणूस पुढे गेला. आता काय, आपणही बुडायचं नाटक करायचं का, असा मास्तर विचार करत होते, तेवढ्यात तिसरी लाट आली. मोठी होती.

“अहो!” आणि दंडावर ती ओळखीची पकड.

लाट ओसरली. बाईंनी हात काढला नाही. थोडं चालून झाल्यावर पाण्याकडे बघत त्या म्हणाल्या, “टब छान होता हो. पण त्यात लाट येत नाही. लाट आली नाही तर मी तुम्हाला धरायचं कधी?”

मास्तर जागच्या जागी थांबले. मग त्यांनी हळूच मान वळवून पाहिलं. कप्तान डोळे मिटून, तोंडातलं खारं पाणी थुंकत होते. त्यांना काहीएक ऐकू गेलं नव्हतं.

“अगं,” मास्तर म्हणाले, “हेच जरा मोठ्याने म्हण ना.”